ब्लोअरवर वारंवार गरम होणारा जुना मिनी ट्रॅक्टर : दोष कसा शोधावा

द्राक्षबागेत राबणारा मिनी ट्रॅक्टर आठ-दहा वर्षांचा झाला की त्याच्याबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. रिकामी ट्रॉली ओढताना तो बरा चालतो, रस्त्याने जाताना तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात राहतो. पण फवारणीचा ब्लोअर जोडून ओळीत शिरले की दहा-पंधरा मिनिटांत काटा तांबड्याकडे सरकू लागतो. मेस्त्री येतो, रेडिएटरचे झाकण बदलतो, फार तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) काढून टाकतो, ट्रॅक्टर चार दिवस ठीक चालतो आणि पुन्हा तेच सुरू होते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाचे दिवस असताना, पावसाने दिलेल्या तीन-चार तासांच्या उघडिपीत सगळी बाग फवारून घ्यायची असते. त्या वेळी ट्रॅक्टर बांधावर वाफ सोडत उभा राहिला तर नुकसान केवळ इंजिनाचे होत नाही.

निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेत २००९ साली घेतलेला, अठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा असा एक ट्रॅक्टर आहे. त्याने लागोपाठ तीन हंगाम हा त्रास दिला आणि प्रत्येक वेळी आम्ही वेगळा भाग बदलला. शेवटी जो दोष सापडला तो एका भागाचा नव्हता, एकातून दुसरा निघालेल्या चार दोषांची ती साखळी होती. ती शोधताना ज्या तपासण्या उपयोगी पडल्या त्या क्रमाने लिहितो आहे. आकडे लहान, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांना साधारणपणे लागू पडणारे आहेत. तरी आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण मानावा.

काटा तांबड्यात गेल्यावर

सर्वांत आधी हे सांगणे आवश्यक आहे, कारण दोष कोणताही असो, इंजिनाचे हेड (सिलिंडरांवर बसणारा ओतीव भाग) वाकते ते या पहिल्या पाच मिनिटांतल्या घाईमुळे. काटा वर गेला पण पाणी बाहेर फेकले गेलेले नाही आणि फॅन फिरतो आहे, अशी स्थिती असेल तर इंजिन एकदम बंद करू नये. पीटीओ (ब्लोअरला इंजिनाची ताकद देणारा मागचा दांडा) सोडवावा, गिअर काढावा आणि रिकाम्या फेऱ्यांपेक्षा थोड्या वरच्या वेगावर इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवावे. पाणी फिरत राहिले तर हेडमधली उष्णता सगळीकडे सारखी बाहेर पडते. इंजिन जागीच बंद केले तर पाण्याचे फिरणे थांबते आणि हेडमध्ये अडकलेले पाणी तिथेच उकळते. मात्र बेल्ट तुटला असेल, होज (पाण्याची रबरी नळी) फाटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे, कारण तेव्हा फिरवायला काही उरलेलेच नसते.

झाकण तापलेले असताना उघडू नये, ओले पोते टाकूनही उघडू नये. वरचा होज हाताने दाबता येईल इतका मऊ आणि कोमट झाला की मगच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब निघून जाऊ द्यावा, आणि नंतर काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने ओतीव लोखंडाला भेग जाऊ शकते, म्हणून पाणी भरायचेच असेल तर अर्धा-पाऊण तास थांबून भरावे.

केव्हा गरम होतो, हा पहिला प्रश्न

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट वहीत लिहून काढावी : ट्रॅक्टर नेमका केव्हा गरम होतो आणि कशाने थंड होतो. या एका उत्तराने निम्मे काम होते.

इंजिन जागेवर रिकामे चालत असतानाही हळूहळू तापत असेल, तर संशय फॅन, बेल्ट आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेवर घ्यावा. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच काटा चढून होज दगडासारखे टणक होत असतील, तर हेड गॅसकेटचा (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराचा) विचार करावा, कारण एवढ्या थोड्या वेळात पाणी खऱ्या अर्थाने तापूच शकत नाही. तो दाब सिलिंडरमधून येणाऱ्या वायूचा असतो. काटा कोणतेही काम नसताना अचानक टोकाला जातो आणि तसाच परततो, तेव्हा बहुधा तापमानाच्या सेन्सरची वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागत असते. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ही वायर बॉडीला टेकली की काटा थेट तांबड्यात जातो. केवळ रोटाव्हेटरवर तापत असेल तर आधी खोली कमी करून आणि खालच्या गिअरमध्ये चालवून पाहावे, एअर फिल्टर तपासावा, आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो का ते पाहावे. डिझेल पंपाचे टायमिंग मागे गेलेले इंजिनही पाण्यात जास्त उष्णता सोडते, आणि अशा वेळी रेडिएटर कितीही धुतला तरी उपयोग होत नाही.

आमच्याकडे बारा वर्षे हा ट्रॅक्टर चालवणाऱ्या तात्यांनी एक गोष्ट पहिल्याच हंगामात सांगितली होती, आणि आम्ही तिच्याकडे लक्ष दिले नाही. ते म्हणाले होते, "ओळीत काटा चढतो, पण बांधावर वळायला ॲक्सिलेटर कमी केला की अर्ध्या मिनिटात खाली येतो." त्या वेळी आम्हाला वाटले की भार कमी झाल्यामुळे काटा उतरत असेल. पण नुसता भार कमी झाल्याने पाण्याचे तापमान इतक्या लवकर उतरत नाही. वेग कमी केल्याबरोबर काहीतरी मोकळे होत होते, हे त्या वाक्यात स्पष्ट होते. या वाक्याकडे पुढे परत यावे लागेल.

पाणी भरू नये असे नाही, पण मोजून भरावे

रोज सकाळी झाकण उघडून बादलीतले पाणी काठोकाठ ओतणे, ही आपल्याकडची सर्वसाधारण सवय आहे. त्यामुळे दोषाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा रोज पुसला जातो. इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेत पाणी संपत नसते. कमी झाले तर ते कुठूनतरी बाहेर गेलेले असते. म्हणून मिलिलिटरच्या खुणा असलेले एक माप रेडिएटरसाठी वेगळे ठेवावे (औषध मोजण्याचे माप त्यासाठी वापरू नये) आणि इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, किती पाणी लागले ते तारीख आणि तासमीटरच्या आकड्यासह लिहावे.

आमच्या वहीत आठवडाभर साधारण १५० मिलिलिटर रोज असा आकडा आला. जमिनीवर कुठे डाग नव्हता, होजचे क्लिप कोरडे होते, तेलाच्या काडीवर दुधट रंग नव्हता, म्हणजे पाणी तेलातही जात नव्हते. एवढेसे पाणी गेले तर काय बिघडले, असे आम्हाला तेव्हा वाटले. त्याचे उत्तर पुढे क्षाराच्या हिशेबात मिळाले.

हवेची बाजू

बागायतदाराने सुरुवात इथूनच करावी, कारण आपल्या कामाचे स्वरूपच रेडिएटर बुजवणारे आहे. फॅन पुढची हवा ओढून रेडिएटरमधून इंजिनाकडे नेतो. ब्लोअर मागे असला तरी एका ओळीत मारलेला फवारा हवेत तरंगत राहतो आणि शेजारच्या ओळीतून परत येताना ट्रॅक्टर त्यातच शिरतो. गंधकाचे कण, मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो, स्टिकर आणि वर धूळ, असा थर रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर बसत जातो. शेतातली साधी धूळ हवेने उडते. हा थर चिकट असल्यामुळे उडत नाही. शिवाय मोरचुदातले तांबे ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना खाते. बोटाच्या नखाने पत्रा हलकेच ओढून पाहावा. तो वाकण्याऐवजी पांढरी भुकटी होऊन गळत असेल, तर त्या रेडिएटरची धुण्याची वेळ निघून गेलेली असते.

स्वच्छ करताना पुढची जाळी काढल्याशिवाय पाणी मारू नये. जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत गवताचे तुरे आणि वाळलेली पाने साचतात, आणि अनेक मिनी ट्रॅक्टरांत पुढे बॅटरी असल्यामुळे तिच्यामागचा रेडिएटरचा खालचा भाग बाहेरून दिसतच नाही. आम्ही बॅटरी काढली तेव्हा मागचा वीतभर रुंदीचा पट्टा नमद्यासारख्या थराने पूर्ण झाकलेला होता. इंजिन थंड असताना भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे पाणी शिंपडावे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, आणि साध्या नळीने इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेला, म्हणजे हवेच्या उलट दिशेने पाणी सोडावे. सर्व्हिसिंगचा जोरदार जेट जवळून मारला तर पत्रे आडवे पडतात, आणि आडवे पडलेले पत्रे घाणीइतकेच हवा अडवतात. शेवटी रात्री मागच्या बाजूला दिवा धरून पुढून पाहावे. प्रकाश सगळीकडून सारखा आला पाहिजे.

फॅनभोवतीचे आवरण आणि रेडिएटरच्या कडांचे फोम हेही याच वेळी पाहावे. आवरण फुटलेले असेल तर इंजिनाकडची तापलेली हवाच फिरून परत ओढली जाते. हा भाग मोडला की बहुतेकजण काढून ठेवतात, आणि मग पुढची तीन वर्षे ट्रॅक्टर का तापतो याचा शोध घेत राहतात.

बेल्टबद्दल एकच गोष्ट विशेष सांगतो, कारण ताण सगळेच तपासतात. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर बेल्ट सुमारे १० मिमी दबावा, हे बरोबरच आहे. पण व्ही आकाराच्या बेल्टने पुलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून चालायचे असते. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो खाली उतरून पुलीच्या तळाला टेकतो, आणि कितीही ताणला तरी जास्त वेगावर घसरतो. पुलीचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

झाकण आणि थर्मोस्टॅट

आपल्या भागाची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर असल्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाब रोखून धरण्याचा. तेवढ्या दाबाखाली पाणी ११५ अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळते. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग मेली की हा सगळा फरक हातातून जातो, आणि एरवी सहज सोसवली असती ती उष्णता पाणी उकळून बाहेर फेकू लागते. झाकणाच्या मध्यभागी एक लहान झडप असते, ती इंजिन थंड होताना, रेडिएटरला नळीने जोडलेल्या बाटलीतले पाणी परत आत घेते. बाटली नेहमी भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा असे दिसले तर ही झडप किंवा बाटलीची नळी तपासावी. झाकण हा स्वस्त भाग आहे, संशय असेल तर बदलावा. पण मूळ आकड्याचेच झाकण घ्यावे. जास्त दाबाचे झाकण बसवल्यास जुना रेडिएटर एखाद्या झाळलेल्या जोडावर उसवतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तो सल्ला सद्भावनेने दिला जातो आणि त्याचे नुकसान वर्षभराने दिसते. थर्मोस्टॅट काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, काटा खाली राहतो आणि दोष गेला असे वाटते. परंतु निफाडला थंडीत पहाटेचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी थर्मोस्टॅट नसलेले इंजिन तासभर चालूनही योग्य तापमानाला पोहोचत नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही, ते भिंतींवरून उतरून तेलात मिसळते, जळालेल्या वायूंतली वाफ आतच घट्ट होऊन आम्ल तयार होते आणि रिंगा झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करत असतो. तिथे तो काढला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता पंपाकडे परत वळतो, आणि भाराखाली इंजिन उलट जास्तच तापते.

तपासणी घरच्या घरी होते. भांड्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर ७१, ८२ असा जो आकडा कोरलेला असेल, त्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांनंतर पूर्ण उघडला पाहिजे. आमचा थर्मोस्टॅट मेस्त्रींनी काढून पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. तपासल्यावर तो अगदी व्यवस्थित निघाला. परत बसवताना त्याच्या कडेला असलेले हवेचे बारीक छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला राहील याची काळजी घ्यावी, नाहीतर खाली हवा अडकून राहते.

दोन होजांमधला फरक

आता तात्यांच्या वाक्याकडे येतो. हवेची बाजू साफ झाली, बेल्ट नवा, झाकण नवे, थर्मोस्टॅट जागेवर, आणि तरीही ओळीत काटा चढतच होता. तेव्हा आम्ही लांबून तापमान दाखवणारी लेझरची बंदूक वापरली. हे साधन आता सहज मिळते, परंतु चकचकीत धातूवर ते फसवे आकडे दाखवते. म्हणून मोजण्याच्या जागी काळी चिकटपट्टी लावून तीवरच नेम धरावा.

पूर्ण भारावर वरच्या होजमधून येणारे गरम पाणी आणि खालच्या होजमधून परत जाणारे पाणी यांत साधारण ६ ते १० अंशांचा फरक असावा. दोन्ही होज तापलेले आणि फरक अगदी थोडा असेल, तर पाणी फिरते आहे पण हवा त्याची उष्णता घेऊन जात नाही, म्हणजे फॅन आणि पत्र्यांकडे परत जावे. फरक वीस अंशांच्या वर गेला तर अर्थ उलटा होतो : रेडिएटरमधून जाणारे पाणी चांगले थंड होते आहे, पण ते फारच थोडे जाते आहे. आमचा आकडा ब्लोअर चालू असताना २४ अंश आला, आणि रिकाम्या वेगावर ७.

पीटीओ ५४० फेऱ्यांवर नेईपर्यंत ॲक्सिलेटर ओढून धरला आणि मी बाजूला उभे राहून (उपरणे, सैल बाही, हातातली दोरी असे काहीही फॅनजवळ नेऊ नये) विजेरीने खालचा होज पाहिला. वेग वाढताच होज मधोमध चपटा होत गेला आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्यासारख्या झाल्या. ॲक्सिलेटर कमी करताच तो पुन्हा गोल झाला. मेस्त्रींनी तपासणी नेहमी शेडमध्ये, रिकाम्या वेगावर केली होती, म्हणून हे कोणाच्याच नजरेस पडले नव्हते.

खालच्या होजमधून पंप पाणी ओढत असतो, म्हणून तो आत दबू नये यासाठी अनेक ट्रॅक्टरांत त्याच्या आत स्प्रिंग असते. आमचा होज सोडवून उलटा केला तेव्हा तळहातावर गंजाचा चिखल आणि त्यात नखाएवढ्या लांबीचे तपकिरी, ठिसूळ तुकडे पडले. बोटांत धरून दाबताच त्यांची पूड होत होती. स्प्रिंगचे एवढेच शिल्लक राहिले होते. नवा होज आणि नवी स्प्रिंग बसवली आणि तो हंगाम सुखरूप पार पडला.

पण पुढच्या एप्रिल छाटणीनंतर काटा पुन्हा चढू लागला. या वेळी होज गोलच होता आणि दोन होजांमधला फरक मात्र पुन्हा १८ अंशांवर गेला होता. आमची चूक इथे होती. स्प्रिंग गंजलेली असली तरी होज एवढ्या जोराने दबला, कारण पंपाला रेडिएटरमधून पुरेसे पाणी मिळत नव्हते. दबलेला होज ही खूण होती. खरा अडथळा रेडिएटरच्या आत होता.

क्षाराचा हिशेब

रेडिएटर उतरवून त्याचे खालचे तोंड हाताने दाबून धरावे, वरून काठोकाठ पाणी भरावे आणि हात काढावा. चांगल्या रेडिएटरमधून पाणी एका दमात धबधब्यासारखे कोसळते. आमच्यातून ते बारीक धारेने बराच वेळ येत राहिले. उतरवण्याची तयारी नसेल तर इंजिन तापलेले असताना त्याच लेझर बंदुकीने रेडिएटरच्या रुंदीवर ठिकठिकाणी आकडे घ्यावेत. वरून खाली पाणी वाहणाऱ्या रेडिएटरमध्ये एखादा उभा पट्टा शेजारच्यापेक्षा बराच थंड दाखवत असेल, तर त्या नळ्या बुजलेल्या असतात.

आता त्या रोजच्या १५० मिलिलिटरचा हिशेब पाहावा. आमच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल ठिबकच्या कामासाठी काढलेला होता; त्यात कठीणपणा लिटरला ७०० मिलिग्रॅम होता. रेडिएटर आणि इंजिन मिळून सव्वातीन लिटर पाणी बसते, म्हणजे एकदाच भरून ते तसेच राहिले असते तर आत जास्तीत जास्त सव्वादोन ग्रॅम क्षार गेला असता. पण वर्षातले २०० दिवस रोज १५० मिलिलिटर म्हणजे ३० लिटर, आणि पाच वर्षांत १५० लिटर पाणी त्या लहानशा जागेत ओतले गेले. त्यासोबत सुमारे १०५ ग्रॅम क्षार आत गेला. तो सगळाच तिथे राहिला असे नाही, परंतु पाणी तापले की विरघळलेला चुना घट्ट होतो आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमधल्या झडपांभोवती, तसेच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो. ठिबकच्या ड्रिपरमध्ये जो पांढरा थर पाहून आपण आम्लाची प्रक्रिया करतो, तोच थर इंजिनातही बसत असतो; तो दिसत नाही एवढाच फरक.

थर पातळ असेल तर लिंबूसत्वाने निघतो. जुने पाणी काढावे, थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता बाहेर ठेवावा, दर लिटर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून भरावे, इंजिन वीस-पंचवीस मिनिटे मध्यम वेगावर चालवावे, थोडे निवू द्यावे आणि काढून टाकावे. निघालेले पाणी तपकिरी असते. त्यानंतर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा, पाणी निर्मळ येईपर्यंत धुवावे. त्यांतल्या एका धुण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालावा, म्हणजे उरलेले आम्ल शमते. शौचालय धुण्याचे ॲसिड किंवा ठिबकसाठी आणलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड यासाठी कधीही वापरू नये. ते क्षाराबरोबर जोडांचे झाळकाम, ॲल्युमिनियम आणि लोखंडही खाते. एक सूचना आणखी करतो : फार जुन्या रेडिएटरमध्ये कधीकधी क्षारानेच बारीक भोके बुजवलेली असतात, आणि थर निघाल्यावर ती वाहू लागतात. असा रेडिएटर मुळातच संपलेला असतो, हे समजून घ्यावे.

आमच्या रेडिएटरला लिंबूसत्व पुरले नाही. तो पितळी टाक्यांचा असल्यामुळे रेडिएटरच्या कारागिरांनी वरची टाकी उघडून नळ्यांमधून पट्ट्या घालून त्या मोकळ्या केल्या. चार नळ्या तरीही उघडल्या नाहीत. पण बसवल्यानंतर पूर्ण भारावर दोन होजांमधला फरक ९ अंशांवर आला.

पाणी जात कुठे होते

इथे थांबलो असतो तर चौथा हंगामही तसाच गेला असता. नळ्या बुजल्या क्षारामुळे, क्षार आला रोजच्या पाण्यातून, आणि रोज पाणी घालावे लागत होते कारण ते कुठून तरी जात होते. ती जागा सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानता येत नव्हते.

वॉटर पंपाच्या, म्हणजे मेस्त्री ज्याला वॉटर बॉडी म्हणतात त्याच्या, खालच्या अंगाला एक लहान भोक असते. आतले सील झिजले की बेअरिंगमध्ये पाणी शिरण्याऐवजी ते या भोकातून बाहेर पडावे, यासाठी ते ठेवलेले असते. चालू इंजिनावर पडणारा थेंब तापलेल्या ब्लॉकवर लगेच वाळतो आणि फॅनची हवा उरलेले उडवून लावते, म्हणून जमिनीवर डाग पडत नाही. आम्ही आरसा खाली धरून पाहिले तेव्हा भोकापासून ब्लॉकपर्यंत बोटभर रुंदीचा पांढरट-तपकिरी ओघळ सुकलेला दिसला. बेल्ट काढून फॅन हाताने पुढे-मागे हलवला तर किंचित खेळही जाणवला. हे भोक गळते म्हणून काहीजण त्यात एम-सील भरतात. तसे केल्यास पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि एके दिवशी फॅन सुटून रेडिएटरमध्ये घुसतो. सीलचा संच मिळत असेल तर तो, नाहीतर पूर्ण पंप बदलावा, आणि उघडलेलाच असेल तर पंपातल्या पंख्याची पाती गंजून तोकडी झालेली नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

पंप कोरडा असेल आणि तरी पाणी कमी होत असेल, तेव्हा हेड गॅसकेटची तपासणी करावी. थंड इंजिनाचा बेल्ट काढावा, रेडिएटर काठोकाठ भरावा, झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे आणि एक मिनिटाच्या आत बंद करावे. सतत आणि ॲक्सिलेटरबरोबर वाढणारे बुडबुडे आले तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. तशा वेळी नुसते गॅसकेट बदलून चालत नाही. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून तिच्याखाली ०.०५ मिमीची फिलर पाती जाते का हे पाहावे, आणि जात असेल तर हेड फेस (घासून सपाट) करून घ्यावे.

पुन्हा भरताना

सगळे जोडून झाल्यावर ट्रॅक्टर असा उभा करावा की त्याचे तोंड किंचित चढाला राहील, म्हणजे रेडिएटरचे झाकण सर्वांत उंच जागी येते. कूलंट बारीक धारेने भरावे, इंजिनावर हवा काढण्याचा बोल्ट असेल तर तो ढिला ठेवावा, आणि झाकण उघडे ठेवून रिकाम्या वेगावर वरचा होज तापेपर्यंत थांबावे. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली जाते. तेवढे भरून मग झाकण लावावे. हवा आत राहिली तर पहिल्याच दिवशी काटा उडी मारतो आणि केलेल्या सगळ्या कामावर विनाकारण शंका येते.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. कूलंट आपल्याला हवे ते पाणी गोठू नये म्हणून नव्हे, त्यात मिसळलेल्या गंजरोधक द्रव्यांसाठी हवे. आमची स्प्रिंग कशाने गेली हे वर सांगितलेच आहे. गाढे कूलंट असेल तर ते बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे आणि तयार मिश्रण असेल तर तसेच भरावे. गाढे कूलंट तसेच भरू नये, कारण ते एकटे पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलावे. काढलेले कूलंट उघड्या बादलीत ठेवू नये : ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, आणि शेतातली कुत्री व वासरे ते पितात.

पंप बदलल्यापासून दोन ऑक्टोबर छाटण्या झाल्या. मापाची वही अजून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच आहे. गेल्या हंगामाच्या तीन महिन्यांत तीत एकूण ६० मिलिलिटरची नोंद झाली, आणि तीही बाटलीत भरलेल्या कूलंटची.